बालकांचे न विसावणारे पाय

आपल्या वार्षिक स्मरणिकेत संस्थेचा अहवाल, हिशेब आणि व्यापारविषयक लेख यांच्या जोडीला एखादा आरोग्यविषयक लेख असावा, असा संपादक मंडळाचा प्रघात आहे. तो लेख सहसा एखाद्या डॉक्टरमहाशयांकडून लिहवून घेतला जातो. यंदा तो माझ्यासारख्या धान्याच्या ठोक व्यापाऱ्याने, ज्याचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही, का लिहावा, असा प्रश्न सुज्ञ वाचकांना पडेल. त्याचे उत्तर एवढेच की, ज्या विकाराविषयी मी लिहिणार आहे तो माझ्या घरात तीन पिढ्या वावरला आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ आम्ही त्याला ओळखले नाही. औषधोपचाराचे ज्ञान डॉक्टरांपाशी आहे. ओळखण्यात आम्ही कोठे चुकलो, हे मात्र माझ्यासारख्यानेच सांगितले पाहिजे.

माझ्या लहानपणी रात्री दिवा मालवला की माझ्या पायांत काहीतरी सुरू होई. दुखते म्हणावे तर ते दुखणे नव्हते. खाज म्हणावी तर कातडीवर काही दिसत नसे. पोटऱ्यांच्या आत खोलवर मुंग्यांची रांग चालल्यासारखे वाटे आणि पाय हलविल्यावाचून राहवत नसे. हलविला की क्षणभर बरे वाटे, स्थिर ठेवला की पुन्हा तेच. आजी कधी तिळाचे तेल चोळी, कधी जुन्या पंचाची पट्टी करून पोटऱ्या आवळून बांधी. शाळेत शेवटच्या तासाला माझी चुळबूळ पाहून गुरुजी मला बाकावर उभे करीत. वर्ग हसे, पण उभा राहताच माझे पाय शांत होत, आणि ही शिक्षा लवकर संपू नये असे मला वाटे. हे मी कोणाला सांगितले नाही, कारण सांगण्यास शब्दच नव्हते.

माझे वडील रात्री अकरा-बारा वाजेपर्यंत ओट्यावर येरझारा घालीत. घरातील मंडळी म्हणत, गव्हाचा भाव उतरला की यांना झोप लागत नाही. भाव चढलेला असतानाही ते तसेच येरझारा घालीत, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्याही नाही.

विकाराचे नाव व इतिहास

या विकाराला इंग्रजीत ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणतात. आपण त्यास पायांची बेचैनी म्हणू. तो आजकालच्या राहणीमुळे उद्भवला असे मानण्याचे कारण नाही. टॉमस विलिस नावाच्या इंग्रज वैद्याने १६७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात अशा रोग्यांचे वर्णन केले आहे. त्यानंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी, १९४५ साली, स्वीडनचे डॉ. कार्ल-आक्सेल एकबोम यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणूनच या विकाराला विलिस-एकबोम रोग असेही म्हणतात. तो मुलांनाही होतो, ही गोष्ट मात्र वैद्यकाने फार उशिरा गांभीर्याने घेतली. बालकांचे निदान कसे करावे याचे स्वतंत्र निकष आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने २००३ साली प्रसिद्ध केले आणि २०१३ साली ते सुधारून अधिक सुटसुटीत केले.

हा विकार विरळा आहे अशी समजूत करून घेऊ नये. अमेरिका व ब्रिटन या देशांतील दहा हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तीत ८ ते १७ या वयातील मुलांत शंभरी सुमारे दोघांना हा विकार आढळला. त्याच वर्षी बंगळूर शहरातील प्रौढांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तेथेही प्रमाण शेकडा सुमारे दोनच होते. शेकडा दोन म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात एक मूल. ते मूल कोणते, हे शिक्षकांस ठाऊक नसते आणि बहुधा आईबापांसही नसते.

माझ्या हातून घडलेली चूक

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा नातू तेव्हा नऊ वर्षांचा होता. चातुर्मासात संध्याकाळी सामायिकास आम्ही त्याला बरोबर बसवीत असू. अठ्ठेचाळीस मिनिटे एका आसनावर स्थिर बसावयाचे. सुरुवातीची दहा मिनिटे तो नीट बसे. मग गुडघे वर घेई, पाय लांबवी, पोटऱ्या मुठीने ठोकी, शेवटी उठून दाराशी जाऊन उभा राही. एके दिवशी सर्वांच्या देखत मी त्याला कठोर शब्दांत म्हणालो, “या घरात असा चंचल मुलगा आजवर झाला नाही.” तो काही बोलला नाही. त्या दिवसापासून सामायिकाची वेळ झाली की तो पोट दुखते म्हणून खोलीत जाऊन पडू लागला.

शाळेतूनही तक्रारी येत होत्या. अभ्यासात लक्ष नाही, जागेवर बसत नाही, चिडचिड करतो. रात्री त्याला झोप लागण्यास अकरा-साडेअकरा वाजत आणि सकाळी उठविणे म्हणजे युद्ध होई. सूनबाईंनी दोन-तीन ठिकाणी दाखविले. कोणी वाढीच्या वयाचे दुखणे म्हणाले, कोणी कॅल्शियमचे औषध दिले, कोणी मुलगा फाजील लाडावला आहे असे सांगितले. एकदा सर्दी झाली असता, औषधाने गुंगी येऊन निदान झोप तरी लागेल, अशा समजुतीने घरातलेच सर्दीचे पातळ औषध आम्ही दिले. त्या रात्री त्याच्या पायांनी थैमान मांडले. पहाटे तीनपर्यंत त्याची आई त्याचे पाय चेपीत बसली होती.

अखेर एका बालरोगतज्ज्ञांनी जे केले ते पाहण्यासारखे होते. त्यांनी मुलाला तपासून झाल्यावर आम्हां सर्वांस गप्प बसावयास सांगितले आणि त्यालाच विचारले, “अंथरुणावर पडलास की तुझे पाय काय म्हणतात?” तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, “पायांना पळायचं असतं. मला नसतं.” मग त्यांनी त्याच्या हाती पेन्सिल व कागद दिला. त्याने एक पाय काढला आणि पोटरीच्या आत नागमोडी रेघांचे जाळे भरले. तो कागद पाहून माझ्या अंगावर काटा आला. साठ वर्षांच्या वयात माझे पाय मला प्रथमच चित्रात दिसत होते. डॉक्टरांनी मग माझ्याकडे व माझ्या मुलाकडे वळून विचारले, “घरात आणखी कोणाला असे होते?” तेव्हा मला वडिलांच्या येरझारा आठवल्या.

निदान कसे करतात

या विकाराचे निदान यंत्राने अथवा फोटोने होत नाही. विचारून आणि ऐकून होते. डॉक्टर पाच गोष्टींची खात्री करून घेतात. पहिली, पाय हलविण्याची अनावर ऊर्मी होते काय, व बहुधा तिच्या जोडीला पायांत चमत्कारिक संवेदना होते काय. दुसरी, ती बसल्या वा पडल्या अवस्थेत सुरू होते अथवा वाढते काय. तिसरी, चालल्याने, पाय ताणल्याने वा हलविल्याने ती निदान तेवढ्यापुरती शमते काय. चौथी, दिवसापेक्षा संध्याकाळी व रात्री तिचा जोर अधिक असतो काय. पाचवी, हा सारा प्रकार दुसऱ्याच एखाद्या दुखण्याचा तर नाही ना.

मोठ्या माणसास हे प्रश्न सरळ विचारता येतात. बालकांच्या बाबतीत खरी अडचण भाषेची आहे. ‘अनावर ऊर्मी’ असे कोणतेही मूल म्हणणार नाही. ते म्हणेल, पायात किडे वळवळतात, पाय शिवशिवतात, पायात सोडावॉटर भरले आहे, पाय ओढतात, पाय थांबतच नाहीत. कित्येकदा ते नुसते ‘पाय दुखतात’ एवढेच म्हणते, कारण दुखणे हा एकच शब्द त्याला ठाऊक असतो. म्हणून नव्या निकषांत स्पष्ट म्हटले आहे की, वर्णन शक्यतो मुलाच्या स्वतःच्या शब्दांत घ्यावे, आणि ते किती वर्षांचे आहे यापेक्षा त्याला सांगता किती येते हे पाहावे. येथे आईबापांनी एक पथ्य पाळावे. “मुंग्या येतात का रे?” असे विचारू नये, मूल आपली मर्जी राखण्यासाठी होकार देते. “काय होते?” असे विचारून थांबावे. मंडीत पोत्यात परखी खुपसण्यापूर्वीच मालाची प्रत ठरविणारा व्यापारी फसतो, तसेच हे आहे.

जे मूल सांगू शकत नाही त्याच्याकडे पाहावे. झोपण्याच्या वेळी ते भिंतीवर वा पलंगाच्या कठड्यावर पाय घासते काय, थंड फरशीवर जाऊन उभे राहते काय, पाय चेपून मागते काय, मोटारीच्या लांब प्रवासात पुढच्या बैठकीला लाथा मारते काय, हे टिपून ठेवावे. झोपेत थोड्या थोड्या अंतराने, एका ठेक्यात, त्याचे पाय झटकतात काय, हेही पाहावे. शंका राहिल्यास डॉक्टर एका रात्रीची निद्रा-तपासणी सुचवितात. तीत असे झटके तासाला पाचांहून अधिक आढळल्यास निदानाला बळकटी येते. दोन आठवडे एका वहीत झोपेची वेळ, जागे होण्याची वेळ आणि पायांची तक्रार लिहून ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. रोजकीर्द ठेवणाऱ्या आपल्या समाजास हे जड जाऊ नये.

घराण्याची चौकशी हा निदानाचा मोठाच आधार आहे. वर सांगितलेल्या २००७ सालच्या पाहणीत विकार असलेल्या मुलांपैकी दहांत सात मुलांच्या आई किंवा वडिलांनाही तशीच लक्षणे होती. तेव्हा मुलाच्या पायांविषयी शंका आल्यास प्रथम स्वतःच्या पायांविषयी विचार करावा. गर्भारपणात स्त्रियांना हा त्रास पुष्कळदा होतो व प्रसूतीनंतर जातो. त्या आठवणीही सांगाव्यात.

कशाशी गल्लत होते

पायाची प्रत्येक तक्रार या विकाराची नसते. पोटरीत गोळा आला तर स्नायू दगडासारखा कठीण लागतो व वेदना तीव्र असते. मांडी घालून बसल्याने पाय बधिर होऊन मुंग्या आल्या तर आसन बदलताच त्या जातात. वाढीच्या वयाचे दुखणे हेही संध्याकाळी वा रात्री दोन्ही पायांत होते व चोळल्याने बरे वाटते. त्याची व या विकाराची सीमारेषा पुसट आहे. एकबोम यांनीही या नात्याचा विचार केला होता. म्हणून तशा मुलालाही वरील पाच प्रश्न विचारलेच पाहिजेत. परंतु एकाच पायात नेहमी दुखत असेल, मूल लंगडत असेल, सांध्यावर सूज असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल, किंवा चेहरा पांढराफटक पडून अंगावर निळे डाग उठत असतील, तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

दुसरी गल्लत स्वभावाची होते. प्रौढ माणसास झोप पुरली नाही की तो पेंगतो; मूल मात्र पुष्कळदा अधिकच अचपळ होते, चिडते, एका कामावर टिकत नाही. त्यामुळे अशा मुलावर चंचलपणाचा वा अवधान-दोषाचा शिक्का बसतो. दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात, हेही खरे. म्हणून मुलाच्या चंचलपणाची चिकित्सा करताना त्याच्या रात्रीची चौकशी व्हावी.

गोदामातील साठा

आता कारणाविषयी. पायांतल्या या बेचैनीचे मूळ मेंदूत आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. मेंदूत डोपामिन नावाचे एक द्रव्य तयार होते आणि ते तयार होण्यास लोह लागते. लोहाचा तुटवडा पडला की हा विकार बळावतो. आनुवंशिकता आहेच, परंतु तिच्यावर आपला उपाय नाही, लोहावर आहे.

येथे एक बारकावा आहे, आणि त्यानेच आम्ही दोन वर्षे फसलो. आमच्या नातवाचे हिमोग्लोबिन ठीक होते. सबब रक्त चांगले आहे असे समजून आम्ही स्वस्थ बसलो. डॉक्टरांनी फेरिटिन नावाची निराळी तपासणी करविली. तिचा अर्थ मी माझ्या भाषेत सांगतो. हिमोग्लोबिन म्हणजे दुकानाच्या ओट्यावर मांडलेला माल आणि फेरिटिन म्हणजे गोदामातील साठा. ओटा भरलेला दिसतो म्हणून गोदामही भरलेले असेल असे नाही. गोदाम रिकामे होत आले तरी शहाणा दुकानदार ओटा शेवटपर्यंत भरलेला ठेवतो, आणि शरीरही तसेच करते. दुसरी गोष्ट अशी की, प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिनचा वीसाचा आकडाही सर्वसाधारण म्हणून छापलेला असू शकतो. परंतु या विकाराच्या मुलांत तो ५० हून कमी असल्यास लोह देऊन पाहावे, असा तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाचा २०१८ सालचा सल्ला आहे. आमच्या नातवाचा आकडा ५० च्या कितीतरी खाली होता आणि कागदावर त्यापुढे कोणतीही खूण नव्हती. ताप वा संसर्ग असताना हा आकडा खोटाच वर जातो. म्हणून मूल बरे असताना, सकाळच्या वेळी रक्त द्यावे.

आपल्या देशात हा विषय परका मानता येणार नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा ६७ मुले पांडुरोगग्रस्त म्हणजे ॲनिमिक आढळली, आणि आपल्या मध्य प्रदेशात हा आकडा ७२ च्या वर होता. जेथे ओटाच इतका रिता, तेथे गोदामांची काय अवस्था असेल याची कल्पना करावी.

आपण शाकाहारी. धान्य-कडधान्यांत लोह असते, परंतु ते शरीरात सहजी शोषले जात नाही, हे समजून घेतले पाहिजे. जेवणात लिंबू, आवळा वा पेरू असल्यास ते अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास कमी. बाजरी, मसूर, कुळीथ, तीळ, अळीव हे आपल्याच दुकानांतील जिन्नस मुलांच्या ताटात असावेत. केवळ गुळावर भिस्त ठेवू नये. लहान मुलास दिवसभर दूधच पाजण्याची हौसही आवरावी, कारण दुधाने पोट भरते पण लोह मिळत नाही. जंतांच्या औषधाकडेही दुर्लक्ष करू नये.

तथापि साठा एकदा संपला की नुसत्या आहाराने तो लवकर भरत नाही. औषध लागते, आणि ते डॉक्टरांनी मुलाच्या वजनाप्रमाणे ठरवून दिलेलेच असावे. आपल्या भागात थॅलेसेमियाचे रोगी आहेत. त्यांच्या शरीरात लोह वाजवीपेक्षा अधिक साठू शकते, म्हणून तपासणीवाचून लोह देणे धोक्याचे. लोहाच्या गोळ्या लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर प्राणावर बेतते. बाटली उंच, कुलपात ठेवावी. ज्या घरी चौविहार पाळतात तेथे सूर्यास्तानंतरचा प्रश्न येतो, म्हणून औषधाची वेळ सकाळचीच ठरवून घ्यावी. सर्दीवरील गुंगी आणणारी क्लोरफेनिरामीनसारखी औषधे आणि उलटी थांबविणारे मेटोक्लोप्रामाइड यांनी हा विकार चाळवतो, हे डॉक्टरांस व औषधविक्रेत्यास आधी सांगावे. प्रौढांस या विकारासाठी दिली जाणारी औषधे मुलास आपण होऊन कदापि देऊ नयेत. संध्याकाळनंतर चहा, कोला व चॉकलेट टाळणे, झोपेची वेळ ठरलेली ठेवणे, निजण्यापूर्वी पाय ताणणे व चोळणे, हे उपाय मात्र प्रत्येक घरास करता येतील.

नातवाला औषध सुरू केल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. आकडा चढला होता आणि तो रात्री साडेनऊला झोपू लागला होता. विकार समूळ गेला असे मी म्हणणार नाही. पुण्याच्या रात्रीच्या प्रवासात अजूनही तो मधल्या वाटेच्या कडेची जागा मागून घेतो. शाळेत त्याच्या बाईंना आम्ही सर्व समजावून सांगितले. शेवटच्या तासाला तो वर्गाच्या मागे उभा राहून लिहितो, आणि त्यास आता कोणी शिक्षा म्हणत नाही. सामायिकास तो पुन्हा येऊ लागला. जितका वेळ बसवेल तितका बसतो. मग दाराशी उभा राहून पुरे करतो. मी सर्वांच्या देखत जे बोललो होतो, ते सर्वांच्याच देखत परत घेतले. माझ्या पायांची कथाही त्याला सांगितली. आता रात्री आम्ही दोघे कधीकधी एकत्रच ओट्यावर फेऱ्या घालतो.

संस्थेच्या कार्यकारी मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या आरोग्य शिबिरात मुलांचे हिमोग्लोबिन तपासले जाते, ते योग्यच आहे. त्या टेबलापाशी प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारला जावा : रात्री झोपताना तुझ्या पायांना काय होते? ज्यांच्या उत्तरात शंका वाटेल त्यांची नावे बालरोगतज्ज्ञांकडे द्यावीत व गरजू मुलांच्या फेरिटिन तपासणीचा खर्च संस्थेने सोसावा. पहिल्या वर्षाचा तो खर्च देण्याची माझी तयारी आहे. माझ्या वडिलांना हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि मीही माझ्या नातवाला तो विचारला नव्हता. यापुढे आपल्यापैकी कोणा घरी तसे होऊ नये, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.